एक अधिक एक अधिक एक

ज्या माणसानं सदतीस वर्षं गणित शिकवलं, त्यानं म्हातारपणी देव शिकवायला घेऊ नये. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणूनच मी फसलो.

पावसाळ्यातला रविवार होता. मिस्सा आटोपून मी चर्चच्या दाराशी माझी छत्री शोधत होतो, तेवढ्यात फादरनी खांद्यावर हात ठेवला. "सर, आपली तरुण मुलं हल्ली प्रश्न विचारतात हो," ते म्हणाले. माडांवर गेंड्या भुंगा पडलाय हे शेतकरी ज्या आवाजात सांगतो, अगदी त्याच आवाजात.

"मग?" मी म्हटलं.

"तुम्ही इतकी वर्षं मुलांना गप्प बसवलंत. आता जरा बोलतं करा. दर रविवारी पाऊण तास. श्रद्धा म्हणजे काय, त्यांच्या भाषेत सांगा."

मी नाही म्हणायच्या आत फादर पुढच्या माणसाच्या खांद्याकडे वळले होते. आणि तेवढ्यात माझी छत्री कोणीतरी उचलून नेली होती. मिस्सेनंतर चर्चच्या दारातून छत्री जाते, हा संकेत मी वेळीच ओळखायला हवा होता.

आमच्या दोडामार्गात तरुणांना रविवारी सकाळी एका जागी बसवणं हेच मुळात अघटित. निम्मा तालुका सकाळी हद्द ओलांडून गोव्यात कामाला जातो आणि संध्याकाळी तिकडचं स्वस्त पेट्रोल भरून परत येतो. यादीत नावं चौदा, यायची सात, त्यांतली जागी असायची चार. एक मोपाच्या विमानतळावर रात्रभर बॅगा चढवून आलेला. एक डिचोलीकडच्या औषधाच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेली. एक नर्सिंगची विद्यार्थिनी. एक बीएस्सीवाला, जो 'सिद्ध करा' एवढंच बोलायचा. हे दोन शब्द मीच त्याला नववीत शिकवले होते, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आणि एक रबरवाला. त्याचे आजोबा केरळातून इकडे जमीन घेऊन रबर लावायला आले. आजोबा मल्याळी बोलतात, वडील मराठी बोलतात आणि हा आमच्यापेक्षा सरस मालवणी शिव्या देतो. पहाटे चारला उठून रबराच्या झाडांना खाचा पाडायच्या, वाट्यांतला चीक गोळा करायचा आणि मग माझ्या वर्गाला यायचं. बोटांना सुकलेला चीक तसाच असायचा. तो प्रश्न विचारता विचारता एकेका बोटावरची साल सोलायचा आणि तिची गोळी वळायचा. प्रश्न जितका वाईट, तितकी गोळी मोठी. वर्ग संपेपर्यंत बाकावर पाच-सहा गोळ्या जमत. एकदा त्यातली एक खाली पडली आणि टणाटण उडत थेट वेदीपर्यंत गेली. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदाच सगळे जागे झाले.

पहिला धडा मी पवित्र त्रैक्याचा घेतला. ही चूक होती. अनुभवी माणूस 'शेजाऱ्यावर प्रेम करा'पासून सुरुवात करतो. मला वाटलं, अवघड गणित आधी सोडवून टाकलेलं बरं.

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा," मी फळ्यावर लिहिलं. "तीन व्यक्ती, पण देव एकच."

रबरवाल्यानं अंगठ्याची साल सोलायला घेतली. "सर, एक अधिक एक अधिक एक किती?"

"तीन."

"सातवीत माका ह्याच येक नाय इला म्हणान तुमी कान पिळलास. आज तुमीच येक म्हणतास?"

मी पूर्ण तयारीनं आलो होतो. "बेरीज नव्हे रे, गुणाकार कर. एक गुणिले एक गुणिले एक. किती?" आणि मी वर्गाकडे असं पाहिलं, जसं एखादा जादूगार टोपीतून ससा काढून पाहतो. बीएस्सीवाल्यानं मान वर केली. मला वाटलं, पटलं पोराला. तो म्हणाला, "सर, मगे तीनच कित्याक? सतरा येक गुणल्यार पण येकच येता. सिद्ध करा."

दुसऱ्या रविवारी मी निसर्गाचा आधार घेतला. आयर्लंडच्या संत पॅट्रिकनं म्हणे तीन पानांची एक डहाळी हातात धरून त्रैक्य समजावलं होतं. आमच्या विहिरीच्या काठाला आंबोशी खूप. तीन पानं, देठ एक. मी ओंजळभर खुडून नेली आणि एकेकाच्या हातात दिली. "नीट निरखून पाहा," म्हटलं आणि फळ्याकडे वळलो. परत वळून पाहिलं तर सगळ्यांनी त्रैक्य खाऊन टाकलं होतं. "आंबट असा, पण बरी असा," नर्सिंगवाली म्हणाली. "मीठ आसल्यार अजून बरी लागली असती."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती बांगड्यांची पोटं साफ करत होती. "तुमी पोरांका देव शिकवतास की तिमाही परीक्षा घेतास?" एवढंच विचारलंन आणि पुढचा बांगडा घेतलान.

बांगड्यावरून आठवलं. पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार लोक जेवले, हा चमत्कार मी तिसऱ्या रविवारी घेतला. संशयाला इथे फारशी जागा नाही असं मला वाटत होतं. पण कोकणातल्या पोरांपुढे मासा काढला की धर्म बाजूला राहतो. "खयचे मासे?" पहिला प्रश्न. बांगडे असतील तर पाच हजारांत कसे पुरणार, इसवण असेल तर पुरेल, पण मग टोपलीत मावणार कशी? "तुकडे खयच्या आकाराचे?" कारखान्यातली विचारत होती. मी सांगितलं, गालील हा गोड्या पाण्याचा तलाव. "म्हणजे तिलारीच्या धरणातले?" सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. खाऱ्या पाण्यातला मासा सोडून गोड्या पाण्यातला मासा पाच हजार लोकांनी पोटभर खाल्ला, हाच खरा चमत्कार, यावर वर्गाचं एकमत झालं. मी ते वहीत 'विश्वास वाढला' या सदरात टाकलं. फादरना महिन्याला अहवाल द्यायचा होता.

माझा स्वतःचा विश्वास मात्र डळमळायला लागला होता. देवावरचा नव्हे, माझ्यावरचा. म्हणून मी थोरांचा आधार शोधायला बसलो. पहिले आठवले रेव्हरंड टिळक. फादर म्हणतील, ते आपले नव्हेत, प्रोटेस्टंट. असू देत. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं अख्ख्या महाराष्ट्राला गोड वाटतील अशी ख्रिस्ती भजनं लिहिली. पण घरात? लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी सुमारे पाच वर्षं लागली, आणि त्यासुद्धा नवऱ्याच्या वादविवादाला हरून आल्या नाहीत, स्वतः विचार करून आल्या. म्हणजे नारायण वामन टिळकांसारखा कवी, समोर एकच श्रोता, तोही घरचा, आणि मुदत पाच वर्षं. माझ्याकडे सात श्रोते, त्यांतले तीन झोपलेले, आणि मुदत पाऊण तास. गणितानं पाहिलं तर मला हा जन्म पुरणार नव्हता. कच्चा हिशोब वहीच्या मागच्या पानावर आहे.

दुसरे आठवले फादर थॉमस स्टीफन्स. हे मात्र आपले. इंग्लंडातून 1579 साली गोव्यात आले, चाळीस वर्षं तिथंच राहिले, आणि 1616 साली रायतूरच्या छापखान्यातून 'क्रिस्तपुराण' छापून घेतलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि मराठीत! मी ग्रंथ काखोटीला मारून वर्गात नेला. परका माणूस आपली भाषा शिकतो, तिच्यावर जीव टाकतो, तुम्ही नुसते मोबाइलवर, वगैरे मी बराच वेळ बोललो. जांभया मोजल्या, अकरा. शेवटी ग्रंथ मिटता मिटता सहज म्हणालो, "त्या काळी इथे मराठीचे खिळे नव्हते, म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापलं."

वर्ग एकदम सावरून बसला.

"म्हणजे मराठी, पण एबीसीडीत?" विमानतळवाल्याची झोप उडाली.

"हो."

"म्हणजे आमी व्हॉट्सॅपार लिवतंव तसाच?"

"तसंच म्हणायचं."

"आणि तुमी आमका ग्रुपवर कित्याक ओरडतास, 'मराठी देवनागरीत लिहा' म्हणान?"

चारशे वर्षांत पहिल्यांदाच स्टीफन्सना इतके तरुण चाहते एकदम मिळाले असतील. मी वहीत लिहिलं: 'परंपरेची ओढ निर्माण झाली.'

तेवढ्यानं हुरूप येऊन मी पुढच्या रविवारी संशयावरच धडा घेतला. संत थॉमस. येशू पुन्हा उठलाय असं बाकीचे शिष्य सांगत होते, तर हा म्हणाला, जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. मी रबरवाल्याकडे बघून सूचक थांबलो. हा धडा त्याच्यासाठीच होता.

तो शांतपणे करंगळीची साल सोलत होता. "सर, थॉमस मगे खंय गेलो म्हायत आसा?"

"कुठे?"

"आमच्याकडे. केरळात. इसवी सन बावन्न. आमची आजी सांगता. म्हणजे इंडियात येशूचा नाव सगळ्यात आधी घेवन कोण इलो? संशय काढणारोच. विश्वास ठेवणारे बाकीचे धा जण इले नाय." त्यानं गोळी बाकावर ठेवली. "आणि सर, थॉमसान तसा म्हटल्यार येशून तेका काय सांगितल्यान? 'ये, घाल बोट.' भायर काढूक नाय. तुमी माका गेल्या रविवारी भायर काढलास."

काढलं होतं. ती गोळी वेदीपर्यंत गेली, त्याचाच तो दंड.

मी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास व्हायला तेवीस मिनिटं बाकी होती. मी वर्ग सोडला.

या पोरांचा संशय मात्र सगळीकडे सारखा लागू होत नाही, हे हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. नोहाच्या तारवात जिराफ कसा मावला याचं माप मागणारा बीएस्सीवाला निकालाच्या आदल्या दिवशी खुरसापुढे मेणबत्त्या लावताना दिसला. एक नव्हे, विषयागणिक एक, भौतिकशास्त्राला दोन. विमानतळवाल्याच्या गाडीच्या आरशाला जपमाळ, आणि नंबरप्लेटखाली लिंबू-मिरची. "दोन्ही कित्याक रे?" विचारलं तर म्हणाला, "सर, हेल्मेट आसला तरी इन्शुरन्स काढतंवच ना?" देव आहे की नाही यावर सगळ्यांचे दोन तट, पण वाडीच्या वडाजवळचा राखणदार रात्री बारानंतर फेरी मारतो, यावर मात्र एकजात एकमत. त्या बाजूनं रात्री जायचं तर विडी ठेवून जायचं. "हे तुम्ही सिद्ध केलंत का?" मी विचारलं. बीएस्सीवाला माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "सर, थय सिद्ध करूक कोण जातलो?"

मोठी माणसं म्हणजे आम्ही फार वेगळे आहोत असं नाही. 2025च्या सप्टेंबरात कार्लो अक्युटिस नावाच्या मुलाला व्हॅटिकनमध्ये संतपद मिळालं. पंधराव्या वर्षी वारला, जीन्स घालायचा, संगणकावर वेबसाइट तयार करायचा. मी मोठ्या आशेनं त्याचं चित्र वर्गात लावलं. पोरांना तो आवडलाही. तोच पुढच्या रविवारी दोन आया मला गाठायला आल्या. "सर, तो संत आठवड्यात एकच तास गेम खेळायचो म्हणे? जरा आमच्याक सांगा ना तुमी." संताच्या बाकी चरित्राशी त्यांना देणं-घेणं नव्हतं. त्या दिवसापासून पोरांनी चित्राकडे बघणं सोडलं. विमानतळवाल्यानं तर एकदा विचारलंच, "सर, दुसरो कोण संत नाय काय, ज्याका आई नव्हती?"

स्वर्गावर बोलायला घेतलं तेव्हा तर कहरच झाला. कोण कुठं जाणार, हिशोब कसा होणार, असं मी मांडत होतो, तर कारखान्यातली म्हणाली, "सर, 2018 साली आमचो तालुको गोव्यात घाला म्हणान लोक मागणी करी होते. अजून आमी महाराष्ट्रातच. पहिला ह्या ठरवा, मगे स्वर्गात खयच्या चेकपोस्टार जावचा ता बघूया." मी वहीत लिहिलं: 'परलोकाविषयी जिज्ञासा.'

मग ती रात्र आली.

तिलारीकडच्या एका वाडीत खुरसाचं लादीन होतं. लादीन म्हणजे खुरसापुढे म्हाताऱ्या माणसांनी सुरात म्हटलेली लॅटिन प्रार्थना. चारशे वर्षं तोंडातोंडी येताना ते लॅटिन इतकं मालवणी झालंय की पोपसाहेबांनाही दुभाषा लागेल. शेवटी ओलं खोबरं घातलेले उकडलेले चणे. चण्यांसाठी माझा वर्ग शंभर टक्के हजर होता. रबरवाला तर मागे उभा राहून दुसरा सूर लावत होता, एकही शब्द न चुकता. मी बघतोय म्हटल्यावर त्यानं तोंड मिटलं आणि मोबाइल काढला.

परतताना माझी स्कूटर चालू होईना. "बसा सर," रबरवाला म्हणाला. मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो. रस्त्याला काळोख. दोन्ही बाजूंना केळी आणि पोफळी. 2002 साली कर्नाटकातून या खोऱ्यात हत्ती उतरले, ते आता आमच्यातलेच झालेत; कोणाच्या बागेत आज मुक्काम आहे हे सांगायला गावोगावी व्हॉट्सॅप ग्रुप आहेत. त्या रात्री ग्रुपवर काहीच आलं नव्हतं. आलं असेल तरी आमच्या वळणावर रेंज नव्हती.

पोरानं एकदम ब्रेक दाबला आणि दिवा बंद केला. मी म्हटलं, "काय रे?" त्यानं उत्तर दिलं नाही. पुढे काळोखात कसलासा आवाज येत होता, ओला आणि निवांत. केळीचा अख्खा दांडा कोणीतरी भेंडीसारखा मोडावा तसा. मग त्या काळोखातलाच एक तुकडा हलला आणि रस्त्यावर आला. वाऱ्याबरोबर चिखलाचा आणि सोललेल्या केळीचा वास आला. पंधरा-वीस पावलांवर असेल. मोजलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच मी काही मोजलं नाही.

पळायचं तर माणसानं पायात जीव आहे हे आधी तपासावं लागतं. माझा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला, छातीकडे आला, डावीकडून उजवीकडे. एवढं बरोबर झालं. सत्तर वर्षांची सवय आहे. पण नंतर तोंड उघडलं ते 'नमो मरिया' म्हणायला, आणि बाहेर आलं ते भलतंच. लहानपणी शेजारच्या काकांच्या ओसरीवर बसून दर चतुर्थीला ऐकलेलं गाऱ्हाणं, हलक्या आवाजात, पण ठासून:

"बा गजानना म्हाराजा! आमी तुझीच लेकरां. चणे खावक इलेलव. कोणाचा वायट केला नाय..."

आणि पुढच्या सीटवरून, हेल्मेटच्या आतून, अगदी बारीक आवाजात पण क्षणाचाही उशीर न लावता आलं:

"व्हय म्हाराजा!"

"आमका सुखरूप घराक जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि परत ह्या वाटेक येवचंव नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

त्याचा डावा हात गळ्यातल्या क्रुसावर होता. तो क्लचवर असायला हवा होता, हे दोघांनाही आठवलं नाही.

गजानन महाराज थोडा वेळ उभे राहिले. कान हलवले. मग आमच्या दोघांच्याही धर्मात रस नसल्यासारखे रस्ता ओलांडून पलीकडच्या पोफळीत शिरले. आम्ही आणखी दहा मिनिटं तिथंच बसलो, दिवा न लावता. मग त्यानं गाडी चालू केली आणि माझ्या दारापर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना मी म्हटलं, "अरे..."

"सर," तो म्हणाला, "ह्या फादरांका सांगूक नको."

"नाही."

"आणि वर्गात पण नको."

"नाही रे बाबा."

बायकोनं दार उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "चणे बादले काय?"

पुढचा रविवार उजाडला. वेळापत्रकानुसार दहा आज्ञा. मी खडू हातात घेतला, फळ्यावर '1' लिहिलं आणि थांबलो. पहिली आज्ञा म्हणजे, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. मागच्या बाकावर रबरवाला बसला होता. बोटांना चीक होता, पण आज साल सोलणं चालू नव्हतं. मी '1' पुसला आणि '2' लिहिला. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. तीसुद्धा जरा अडचणीचीच वाटली. गणितात पहिल्या पायऱ्या गाळणाऱ्यांचे मी आयुष्यभर गुण कापत आलो. मी '2' पुसला.

"आज आपण थेट तिसरीपासून सुरुवात करू," मी म्हणालो. "रविवार पवित्र पाळावा. काही शंका?"

बीएस्सीवाल्यानं तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधी मागच्या बाकावरून, खाली मान घालून, अगदी हलक्या आवाजात उत्तर आलं.

"व्हय म्हाराजा."